दोन कोटी मतांना विधानसभेत नेता नाही

महाराष्ट्राच्या पंधराव्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला. लाडकी बहीण, मतदान यंत्रे, ‘बटेंगे तो कटेंगे’, मराठा-ओबीसी तेढ, सोयाबीनचा पडलेला भाव, जागावाटपातली भांडणे अशा प्रत्येक अंगाने त्याची चिरफाड झाली. या निकालाचा जो परिणाम प्रत्येक अधिवेशनात समोर दिसतो, त्याकडे मात्र पक्षांचा आपसातला मानपानाचा वाद म्हणून पाहिले गेले. तो परिणाम म्हणजे विरोधी पक्षनेत्याविना चाललेली विधानसभा. हा प्रश्न उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचा किंवा काँग्रेसचा नाही, तो मतदारांचा आहे आणि ज्यांनी महायुतीला मत दिले त्यांचाही तितकाच आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी कौल काय होता ते स्पष्ट मांडू. २८८ जागांपैकी भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. तीन पक्ष मिळून २३०. समोर ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०, म्हणजे ४६. मतदान ६६ टक्क्यांच्या वर गेले. इतक्या मोठ्या संख्येने बाहेर पडलेल्या लोकांनी दिलेला निर्णय ‘चोरीचा’ म्हणून झटकून टाकणे मला पटलेले नाही. मतदार याद्यांबद्दलच्या शंकांना निवडणूक आयोगाने तपशीलवार उत्तरे द्यायलाच हवीत. पण त्या शंकांच्या आड लपून महाविकास आघाडीने स्वतःचा पराभव समजून घेण्याचे टाळले, हेही तितकेच खरे.

पराभवाची कारणे डोळ्यांसमोर होती. जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा जिंकल्यावर आघाडीला सत्ता हातात आल्यासारखी वाटू लागली. मुख्यमंत्री कोण, यावर जाहीर वाद झाले. विदर्भातल्या जागांवरून काँग्रेस आणि ठाकरे यांचा पक्ष अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसांपर्यंत भांडत राहिले. दुसऱ्या बाजूला महायुतीने लोकसभेच्या निकालातून धडा घेतला. जूनच्या अखेरीस अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि आचारसंहिता लागण्याआधी नोव्हेंबरपर्यंतचे दरमहा १,५०० रुपये बायकांच्या खात्यात पोचले. पाच हप्त्यांचे साडेसात हजार. ज्या बाईच्या हातात स्वतःच्या नावाचा पैसा आयुष्यात पहिल्यांदा आला, तिने त्याची आठवण ठेवून मत दिले तर तिला ‘विकली गेली’ म्हणणाऱ्यांनी तिचे घर पाहिलेले नाही. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन हमीभावाखाली विकले जात असतानाही तिथे महायुतीला भरघोस जागा मिळाल्या, याचा अर्थ विरोधकांना आपला मुद्दा शेतकऱ्याच्या घरापर्यंत नेता आला नाही. सरकार स्थापन करण्याचा महायुतीचा अधिकार निर्विवाद आहे.

आता दुसरे आकडे. महायुतीच्या तीन पक्षांची मते मिळून ४८ टक्क्यांच्या आसपास होती. आघाडीच्या तीन पक्षांची सुमारे ३३.७ टक्के. म्हणजे झालेल्या मतदानातला प्रत्येक तिसरा मतदार आघाडीच्या बाजूने उभा होता आणि त्यांची संख्या दोन कोटींहून जास्त भरते. ४८ टक्के मतांना ८० टक्के जागा मिळाल्या, ३३.७ टक्के मतांना १६ टक्के. पक्षवार पाहिले तर विषमता आणखी ठळक होते. काँग्रेसला १२.४२ टक्के मते आणि १६ जागा, शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मते आणि ५७ जागा. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के मते आणि १० जागा, अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के मते आणि ४१ जागा. हे पक्ष कमी-जास्त जागा लढले होते, त्यामुळे आकड्यांची सरळ तुलना करताना थोडे सांभाळावे लागते. शरद पवारांचा पक्ष ८६ जागा लढला, अजित पवारांचा ५९. तरीही चित्र बदलत नाही.

यात कुणी फसवणूक केली असे मी म्हणत नाही. सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो, या पद्धतीचा तो स्वभावच आहे. सहा महिन्यांपूर्वी याच पद्धतीने आघाडीला हात दिला होता. लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, पण जागा ३० विरुद्ध १७ झाल्या. तेव्हा आघाडीतल्या कुणालाही ही पद्धत अन्यायाची वाटली नाही. बिहारमध्ये २०२५ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय जनता दलाला राज्यात सर्वांत जास्त, २३ टक्के मते मिळाली आणि २४३ पैकी जागा आल्या फक्त २५. एक जागा कमी पडली असती, तर सर्वाधिक मते घेणारा पक्षही विरोधी पक्षनेतेपदासाठी लावल्या जाणाऱ्या दहा टक्के आमदारांच्या हिशेबात बसला नसता.

ही निवडणूक पद्धत आपण स्थिर सरकार मिळावे म्हणून स्वीकारली आहे. ती विजयी बाजूला फुगवते आणि पराभूत बाजूला आकसून टाकते. एकदा हे मान्य केले की आकसलेल्या बाजूला सभागृहात निदान एक मान्यताप्राप्त आवाज राहील, याची काळजी घ्यायला हवी. विरोधी पक्षनेतेपद त्याच कामाचे आहे. निकालाने जे आधीच एकदा कापले, त्यालाच पुन्हा दहा टक्क्यांची कात्री लावायची, हे मला अन्यायाचे वाटते.

दहा टक्के, म्हणजे २८८ च्या सभागृहात २९ आमदार. हा आकडा इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की तो राज्यघटनेत लिहिला असावा असे बहुतेकांना वाटते. तो घटनेत नाही. राज्याच्या विधिमंडळातील विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन व भत्त्यांविषयीचा कायदा १९७८ चा आहे. सरकारच्या विरोधात असलेल्या पक्षांपैकी ज्याचे संख्याबळ सर्वांत जास्त, त्या पक्षाचा सभागृहातला नेता, आणि ज्याला अध्यक्षांनी किंवा सभापतींनी तशी मान्यता दिली आहे तो, अशी त्यात व्याख्या आहे. किमान किती आमदार हवेत, याचा उल्लेख नाही. दहा टक्क्यांची कल्पना आली ती पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळातून. सभागृहाच्या गणपूर्तीइतके, म्हणजे एक दशांश सदस्य असलेल्या गटाला ‘पक्ष’ म्हणून मान्यता द्यायची, म्हणजे त्याला आसने, खोली, बोलण्याचा वेळ ठरवून देता येईल, असा तो व्यवस्थेचा विचार होता. पुढे तो विरोधी पक्षनेतेपदाला चिकटवला गेला आणि लोकसभेत त्याचा वापर सोयीने होत राहिला. १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसने चारशेचा टप्पा ओलांडला आणि सर्वांत मोठा विरोधी पक्ष ३० खासदारांचा तेलुगू देसम होता. त्या लोकसभेत विरोधी पक्षनेता नव्हता. तीस वर्षांनी तोच नियम ४४ खासदारांच्या काँग्रेसच्या आड आला आणि दहा वर्षे लोकसभेत हे पद रिकामे राहिले.

महाराष्ट्राची परंपरा मात्र वेगळी आहे. ती मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी आहे आणि आज तीच विसरली जाते आहे.

१९६२ मध्ये, संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. प्रमाणाने पाहिले तर आजच्या महायुतीपेक्षाही मोठे यश. सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता शेतकरी कामगार पक्ष, १५ आमदारांचा. सहा टक्केही नाहीत. तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. १९६७ मध्ये शेकापचे १९ आमदार आले आणि धुळप त्या पदावर राहिले. १९७२ मध्ये तर काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या, शेकापकडे उरले सात. त्या सातांचे नेते दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते होते. ज्यांचे नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्यावे असा ठराव याच विधिमंडळाने पुढे केला, तेच हे दि. बा. तो दुष्काळाचा काळ होता. सात आमदारांच्या त्या नेत्याला ‘तुमच्याकडे २७ कुठे आहेत’ असे कुणी विचारले नाही. त्याच सभागृहात गोरेगावच्या मृणाल गोरे पहिल्यांदा निवडून आल्या होत्या आणि संख्येने मूठभर असलेल्या या विरोधकांना सरकार घाबरून नव्हे, तर ऐकण्याची सवय होती म्हणून ऐकत असे. दुष्काळातल्या कामांतून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, त्याच्या मागे अशा सभागृहातली चर्चा होती.

कुणी म्हणेल, हे सगळे १९७८ च्या कायद्याआधीचे. मग त्यानंतरचे पाहू. १९८५ च्या निवडणुकीत समाजवादी काँग्रेसचे ५४ आमदार आले आणि शरद पवार विरोधी बाकांवर होते. १९८६ च्या अखेरीस ते काँग्रेसमध्ये परतले. मागे राहिलेल्या विरोधकांत जनता पक्ष सर्वांत मोठा होता, १९८५ ला त्याचे २० आमदार निवडून आले होते. ठाकरे यांच्या पक्षाकडे आज आहेत तितकेच. मालेगावचे निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले. पुढे अलिबागचे दत्ता पाटील या पदावर आले, ज्यांच्या शेकापचे त्या निवडणुकीत १३ आमदार आले होते. मृणाल गोरे यांनीही याच विधानसभेत हे पद सांभाळले. सभागृह २८८ चेच होते, कायदा आजचाच होता, राज्यात बहुमतात काँग्रेस होती. २०२५ च्या मार्चमध्ये ठाकरे यांच्या पक्षाने भास्कर जाधव यांचे नाव अध्यक्षांकडे दिले, तेव्हा हा पूर्वाधार विधिमंडळाच्या दफ्तरातच होता. तो मानला गेला नाही.

दुसऱ्या राज्यांत काय होते, हा मुद्दा इथे येतोच. गुजरातमध्ये २०२२ नंतर १७ आमदारांच्या काँग्रेसला हे पद मिळाले नाही. आंध्रात जगनमोहन रेड्डी मुख्यमंत्री असताना २०१९ मध्ये त्यांनी सभागृहात चंद्राबाबू नायडूंना सुनावले होते की तुमचे पाच आमदार आम्ही घेतले तर तुमचे विरोधी पक्षनेतेपद जाईल. पाच वर्षांनी जगनमोहन यांच्याच पक्षाचे १७५ पैकी ११ आमदार आले आणि तोच नियम त्यांना लागू झाला. याउलट दिल्लीत २०१५ मध्ये आम आदमी पक्षाला ७० पैकी ६७ जागा मिळाल्या. भाजपचे तीन आमदार होते. तीन आमदारांच्या भाजपच्या विजेंदर गुप्तांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली गेली आणि भाजपने ती घेतली. हे योग्यच झाले. तीन जणांच्या पक्षाला तिथे जे मिळाले, ते वीस जणांच्या पक्षाला इथे का नाही, याचे पटणारे उत्तर मला अजून कुणाकडून ऐकायला मिळालेले नाही.

या पदाने नेमके बिघडते-सुधारते काय, असे विचारणारेही आहेत. मंत्र्याचा दर्जा, गाडी, बंगला, कर्मचारी, हे लोकांना दिसते. त्यामागचे काम दिसत नाही. विरोधी पक्षनेता बोलायला उभा राहिला की सभागृह त्याला वेळ देते, अशी रीत आहे. अधिवेशनाच्या शेवटी येणारा अंतिम आठवडा प्रस्ताव हा विरोधकांचा हक्काचा प्रस्ताव, त्याची धुरा तोच वाहतो. तो जिल्ह्यात गेला की अधिकारी माहिती देतात. सरकारी खात्यातला प्रामाणिक माणूस कागद घेऊन कुणाकडे जायचे हे जाणतो. राज्य मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष-सदस्य निवडणाऱ्या समितीत कायद्याने त्याची जागा आहे. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असे तिघे असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तो विखुरलेल्या विरोधकांना एका जागी बांधतो. हे बांधणे नसले की काय होते, याचे उदाहरण १० जुलै २०२५ चे आहे. त्या दिवशी विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले. कडव्या डाव्या संघटनांच्या नावाने आलेल्या या विधेयकात सरकारला एखादी संघटना बेकायदा ठरवण्याचे मोठे अधिकार आहेत. संयुक्त समितीकडे त्यावर १२ हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. राज्यभर संघटना रस्त्यावर होत्या. आणि सभागृहात ठाम विरोध नोंदवला तो डहाणूच्या मार्क्सवादी आमदार विनोद निकोले या एकट्यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. काँग्रेसमध्ये नंतर विचारणा झाली, आपले आमदार गप्प का राहिले म्हणून. संयुक्त समितीत विरोधकांचे ज्येष्ठ आमदार बसले होते, त्यामुळे दोष पदाच्या अभावाला देऊन त्यांना मोकळे सोडता येणार नाही. पण तीन पक्ष, तीन गटनेते, तिघांचा वेगळा हिशेब आणि सगळ्यांच्या वतीने उभे राहून ‘या विधेयकावर मतविभागणी मागतो’ म्हणणारा कुणी नाही, ही अवस्था त्या दिवशी उघडी पडली. महाराष्ट्राच्या नागरी स्वातंत्र्याशी इतका थेट संबंध असलेले विधेयक असे मंजूर होणे, मला त्या वर्षातली सर्वांत दुःखाची संसदीय घटना वाटते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची आमदारकीची मुदत संपली आणि परिषदेतलेही पद रिकामे झाले. डिसेंबरचे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना झाले. आठवडाभराच्या त्या अधिवेशनात ७५ हजार कोटींहून अधिक रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली जमीन खरवडून गेली होती, सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले होते, कर्जमाफीचे आश्वासन जाहीरनाम्यात होते, लाडक्या बहिणींना २,१०० रुपये देण्याचेही होते. या प्रत्येक आकड्याचा हिशेब मागायचा, तोही खात्याची कागदपत्रे हाताशी ठेवून, म्हणजे पूर्णवेळाचे काम आहे. बाळासाहेब थोरात, पृथ्वीराज चव्हाण यांच्यासारखे अर्थसंकल्प वाचता येणारे लोक या निवडणुकीत हरले. विरोधी बाकांवर अनुभवाची आधीच वाण आहे.

‘सत्ताधारी आमदारच प्रश्न विचारतात की,’ असाही युक्तिवाद होतो. त्यात तथ्य आहे. बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, तेव्हा भाजपचेच आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी सभागृहात आणि बाहेर तो विषय लावून धरला. पुढच्या मार्चमध्ये धनंजय मुंडे यांना मंत्रिपद सोडावे लागले. धस यांनी केले त्याचे मोल कमी नाही. परंतु सत्ताधारी आमदार एखाद्या मंत्र्याला अडचणीत आणू शकतो, सरकारच्या धोरणाला तो आव्हान देत नाही. पक्षादेश निघाला की त्याला हात वर करावाच लागतो. लोकांच्या तक्रारींना सत्तेच्या घरातल्या भांडणाची वाट पाहावी लागणे हे सुदृढ सभागृहाचे लक्षण नव्हे.

५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली. देवेंद्र फडणवीस, एकनाथ शिंदे, अजित पवार. हे तिघेही कधी ना कधी याच विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. शिंदे २०१४ च्या अखेरीस काही आठवडे, फडणवीस २०१९ ते २०२२, अजित पवार २०२२ ते २०२३. फडणवीसांची त्या पदावरची कामगिरी तर अभ्यासण्याजोगी होती. मार्च २०२१ मध्ये अँटिलिया स्फोटके प्रकरणात त्यांनी सभागृहात कागद ठेवून सरकारला जेरीस आणले. पुढच्या मार्चमध्ये १२५ तासांच्या चित्रीकरणाचा पेन ड्राइव्ह त्यांनी अध्यक्षांच्या आसनाकडे दिला. तेव्हाचे सरकार त्यांना आवडत नव्हते, सरकारलाही ते आवडत नव्हते, पण विरोधी पक्षनेता बोलतो आहे म्हणून सगळ्या राज्याने कान दिले. ते पद माणसाला काय बळ देते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? म्हणूनच ‘निर्णय अध्यक्षांचा आहे’ हे त्यांच्याकडून येणारे उत्तर मला अपुरे वाटते. मुख्यमंत्र्यांनी मनावर घेतले तर हे एका दिवसात होण्यासारखे आहे.

विरोधकांचा यात काही दोष नाही असे मुळीच नाही. या पदाची किंमत लोकांच्या मनात उतरली असेल, तर ती त्यांनीच उतरवली. नारायण राणे २००५ मध्ये विरोधी पक्षनेतेपदावरून निघाले आणि थोड्याच दिवसांत काँग्रेसच्या सरकारात मंत्री झाले. २०१४ मध्ये शिंदे यांचा पक्षच विरोधी बाकांवरून उठून सरकारात गेला. राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये विरोधी पक्षनेतेपद सोडून त्याच सरकारात मंत्री झाले. अजित पवार जुलै २०२३ मध्ये विरोधी पक्षनेते असताना थेट उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेऊन आले. ज्याने सरकारशी लढावे म्हणून आपण पाहत होतो तोच चार वेळा सरकारात दिसला, तर सामान्य माणूस या पदासाठी हळहळेल कशाला? शिवाय निकालानंतर आघाडीने नाव द्यायला मार्च उजाडू दिला. तीन महिने तिघे एकमेकांकडे बघत राहिले. नागपूरच्या पहिल्याच अधिवेशनात एकमताने नाव गेले असते, तर दबाव वेगळा राहिला असता.

तरीही या सगळ्याचा भुर्दंड मतदाराने का भरायचा? पद पक्षाचे बक्षीस असते, तर नालायक पक्षाला ते नाकारणे समजू शकले असते. बारामतीपासून गडचिरोलीपर्यंत ज्या दोन कोटी लोकांनी सरकारच्या विरोधात मत दिले, त्यांनी कुठल्या नेत्याला बंगला मिळावा म्हणून दिलेले नाही. आणि ज्यांनी महायुतीला दिले, त्यांच्याही अतिवृष्टीच्या मदतीचा, वगळल्या गेलेल्या लाडक्या बहिणीच्या नावाचा प्रश्न विचारायला कुणी लागतोच. सत्ताधारी पक्षाच्या मतदारालाही विरोधी पक्षनेत्याची गरज पडते. बहुतेकदा निवडणूक झाल्यानंतर वर्षभरातच पडते.

अडचण आहे ती ‘अध्यक्षांनी मान्यता दिलेला’ या शब्दांत. अध्यक्ष बहुमताने निवडून येतात, म्हणजे सत्ताधारी पक्षाचे असतात. शिवसेनेच्या अपात्रता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये अध्यक्षांना वाजवी मुदतीत निर्णय द्यायला सांगितले. निर्णय आला जानेवारी २०२४ मध्ये, कुणीही अपात्र ठरले नाही, आणि त्यावरच्या न्यायालयीन लढाईचा शेवट लागण्याआधीच नवी विधानसभा निवडली गेली. निर्णय काय दिला यापेक्षा तो कधी द्यायचा, हे एका व्यक्तीच्या हाती राहिल्याने मतदारांचे किती नुकसान होते, ते त्या प्रकरणात महाराष्ट्राने सोसले आहे. विरोधी पक्षनेत्याच्या बाबतीतही तेच झाले. नकार देणारा आदेश काढायचा म्हटले तर कारणे द्यावी लागतात, आणि त्या कारणांना आव्हान देता येते. निर्णयच न घेतला की आव्हान द्यायलाही काही हाती उरत नाही.

यावर उपाय शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा करणाऱ्यांना ही अडचण तेव्हाच दिसली होती. विधानसभेत विरोधी पक्षनेत्याला मान्यता मिळालेली नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या एकल गटाच्या नेत्याला विरोधी पक्षनेता मानावे, असे त्यात स्पष्टीकरण आहे. २०१४ मध्ये लोकसभेत काँग्रेसला पद नाकारले गेले, तेव्हा केंद्रीय अन्वेषण विभागाचे संचालक नेमण्याच्या समितीचा प्रश्न आला. मोदी सरकारने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला त्या समितीत जागा दिली. काम अडले की तोडगा निघतो, हे दोन्ही बाजूंच्या सरकारांनी दाखवून दिले आहे.

१९७८ च्या कायद्यातही तशीच दुरुस्ती करता येईल. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता हाच विरोधी पक्षनेता; नवी विधानसभा बसल्यापासून ठरावीक दिवसांत अध्यक्षांनी त्याची घोषणा करायची; दोन पक्षांचे आमदार सारखे असतील तर ज्याला राज्यात जास्त मते त्याचा नेता. आणि राणे-विखे-पवारांचा अनुभव लक्षात घेऊन आणखी एक कलम मला त्यात हवे आहे: विरोधी पक्षनेतेपदावर असलेल्याला त्याच विधानसभेच्या मुदतीत मंत्री होता येणार नाही. मुदतीत त्याच्या पक्षाने सरकार बनवले तरच अपवाद. यावर घटनात्मक हरकती निघतील, कारण मंत्री नेमण्याचा अधिकार घटनेने दिलेला आहे. निदान त्या पदाचे लाभ काढून घेण्यापासून तरी सुरुवात करता येईल.

हे विधेयक सरकार आणणार नसेल, तर विरोधकांतल्या कुणीही आमदाराने अशासकीय विधेयक म्हणून ते मांडावे. आणि त्यासोबत महाविकास आघाडीच्या तिन्ही पक्षांनी लेखी जाहीर करावे की आपण उद्या सत्तेवर आलो आणि भाजपचे २८८ पैकी पंधराच आमदार निवडून आले, तरी त्या पंधरांच्या नेत्याला पहिल्या अधिवेशनात हे पद देऊ. तेवढे लिहून द्यायची त्यांची तयारी नसेल, तर वीस आमदारांसाठीची त्यांची मागणी मतदारांनी गंभीरपणे घेण्याचे कारण उरणार नाही. तयारी असेल, तर त्या कागदाची एक प्रत मुख्यमंत्र्यांकडे आणि दुसरी अध्यक्षांकडे पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी जायला हवी.